सही कोणाची, साक्ष कोणाची

‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द आज आपण सवतींसारखे समोरासमोर उभे करतो. जुन्या कागदपत्रांत मात्र ते सुखाने शेजारी नांदत असत. अरबी-फारसीतून मराठीत स्थिरावलेल्या या जोडीपैकी ‘अस्सल’ म्हणजे मूळ कागद आणि ‘नक्कल’ म्हणजे त्यावरून उतरून घेतलेला कागद, एवढाच त्यांचा व्यवहार. ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे म्हटले, की नकलेलाही अब्रू मिळे. कर्जतला सातबाऱ्याची नक्कल मागायला आलेल्या शेतकऱ्याला आजही त्या शब्दाचा संकोच वाटत नाही. किंबहुना ती नक्कल हाती नसेल तर पायाखालची जमीनच त्याला परकी वाटू लागते. नक्कल म्हणजे लबाडी हा अर्थ बाजारात पक्का झाला, आणि त्याच बाजाराने या दोहोंच्या मध्ये एक तिसरा शब्द आणून बसवला : ‘फर्स्ट कॉपी’. मुंबईच्या पदपथावर भारतीय संघाची निळी जर्सी मागितली, की विक्रेता स्वतःहूनच सांगतो, फर्स्ट कॉपी आहे. घेणाऱ्याला ठाऊक असते, देणाऱ्याला ठाऊक असते. या व्यवहारात कायदा मोडत असेल, पण विश्वास मोडत नाही, हे आम्हाला नेहमीच मौजेचे वाटत आले आहे.

सहीच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. सहीची फर्स्ट कॉपी नसते. ती एक तर त्या माणसाच्या हातची असते, नाहीतर बनावट असते. आणि तरीही खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॅटी, चेंडू, हातमोजे आणि छायाचित्रे यांचा जो प्रचंड बाजार आज फोनच्या पडद्यावर भरलेला असतो, त्यात घेणारे आणि देणारे यांच्यात फर्स्ट कॉपीसारखाच एक अबोल करार झालेला असावा, असे वाटण्याजोगा अनुभव आम्हाला आला. तो येथे नोंदवून ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि शेलूला राहतो. कर्जत लोकलने प्रवास करणाऱ्यांनाही हे स्थानक अनेकदा लक्षात राहत नाही. वांगणी गेले आणि नेरळ यायचे आहे, यांच्या मधले. मुंबईत, मग ठाण्यात, मग बदलापुरातही घर परवडेना अशांसाठी उठलेल्या इमारती, त्यांच्या फटींतून अजून तग धरून असलेली भातखाचरे आणि पलीकडे माथेरानचा डोंगर, असे हे गाव. भातकापणी झाली, की त्याच खाचरांचे क्रिकेटचे मैदान होते, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत टेनिस चेंडूच्या स्पर्धांचे कर्णे रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात. गावात दुकाने थोडी असली, तरी पार्सलवाल्यांच्या दुचाकी दिवसातून चार फेऱ्या मारतात. मुंबईच्या दुकानात जी वस्तू काउंटरवर उलटीसुलटी करून पाहिली असती, ती येथे बंद खोक्यातून येते. आणि खोके उघडले, की व्यवहार संपलेला असतो.

असेच एक उघडलेले खोके घेऊन तृतीय वर्षाचा आमचा एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. पारदर्शक डबीत लाल चामड्याचा चेंडू, खाली काळी बैठक, शिवणीच्या बाजूला चंदेरी शाईत एका नामांकित फलंदाजाची सही. सोबत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र, त्यावर चकाकणारा होलोग्राम, आणि ‘५०० पैकी ३७’ असा क्रमांक. किंमत ४,२०० रुपये. शनिवार-रविवार नेरळकडच्या एका फार्महाऊसवर वाढप्याचे काम करून त्याने ते जमवले होते.

आम्ही मोडीची थोडीफार हस्तलिखिते वाचतो, म्हणून तो आमच्याकडे आला असावा असे आधी वाटले. हस्तलिखिताची सवय असलेल्याला सहीत काय पाहायचे ते साधारण कळते. चालत्या हाताची रेघ जाड-बारीक होते. सुरुवातीला दाब असतो, शेवटी ती निसटते. मध्येच हात उचलला तर तिथे सांधा दिसतो. येथे सारी रेघ एकाच जाडीची, टोके बोथट, जणू कोणी सावकाश गिरवली असावी. विक्रेत्याच्या इतर चेंडूंची चित्रे फोनवर होती. त्यांवरच्या सह्या एकमेकींवर ठेवल्या तर काडीचाही फरक नसता. कोणताही माणूस दोनदा तंतोतंत तीच सही करीत नाही. तंतोतंतपणा हा येथे खरेपणाचा नव्हे, ठशाचा पुरावा असतो. प्रमाणपत्र तर त्याहून मजेदार होते. ते विक्रेत्यानेच दिलेले होते, आणि त्यातील इंग्रजी वाक्याचा अर्थ इतकाच, की ही सही अस्सल असल्याचे ‘आमचे मत’ आहे. समीक्षेतसुद्धा इतके सावध वाक्य आम्ही क्वचित वाचले असेल.

हे सारे सांगितल्यावर तो खट्टू होईल असे वाटले होते. तो म्हणाला, “ते मला माहीत आहे सर. मॅडम, मला परीक्षा फी भरायची आहे. हा बॉल विकायचाय. तुम्ही फक्त कॉलेजच्या कागदावर एवढंच लिहून द्या, की हस्ताक्षराच्या अभ्यासकांना सही बरोबर वाटते.”

म्हणजे त्याला आमचे ज्ञान नको होते, आमचे नाव हवे होते. प्रमाणपत्राला प्रमाणपत्र. आम्ही नाही म्हटले. फीची व्यवस्था निराळ्या रीतीने होऊ शकेल, तीबद्दल उद्या बोलू, असेही सांगितले. तो उठला, चपला घालता घालता थांबला आणि त्याने जे विचारले ते आम्हाला पुढे कित्येक दिवस पुरले. “मग वर्गात तुम्ही ‘तुका म्हणे’ शिकवता, त्याचं सर्टिफिकेट कुठे असतं?”

प्रश्न उद्धट नव्हता, मुद्द्याचा होता. अभंगाच्या अखेरची नाममुद्रा ही मराठीतील बहुधा सर्वांत जास्त वेळा बनवली गेलेली सही आहे. तुकोबांच्या नावावर किती अभंग त्यांचे आणि किती मागाहून कोणी रचून त्यांच्या पदरात घातलेले, हा वाद मुद्रणाइतकाच जुना. शंकर पांडुरंग पंडितांनी मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात गाथा छापली, तेव्हाही निरनिराळ्या वह्या समोर ठेवून निवड करावी लागली, पुढे वि. ल. भाव्यांनी संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून गाथा काढली, तिच्या नावातच ‘अस्सल’ हा शब्द घातला. नावात ‘अस्सल’ घालावे लागते याचाच अर्थ बाजारात दुसरा माल आहे! त्याही आधी, शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली होती. आमच्या विषयाचा निम्मा इतिहास खऱ्या-खोट्या सह्या निवडण्यात गेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

तरीही चेंडूवरची बनावट सही आणि प्रक्षिप्त अभंग हे एकाच तागडीत घालता येत नाहीत. ज्या अनाम माणसाने ‘तुका म्हणे’ लिहून आपली चार कडवी गाथेत सोडून दिली, त्याला ती चालवून दाखवावी लागली. दिंडीत कोणी म्हटली नसती, कीर्तनकाराने उचलली नसती, तर ती वहीतच वाळून गेली असती. खोट्या नाममुद्रेखालचा अभंगही गाण्याच्या कसोटीला उतरल्यावाचून टिकला नाही. चेंडूला अशी कोणतीच कसोटी नाही. उलट, तो कधीही टाकला जाणार नाही, त्यावर कोणी कधी फटका मारणार नाही, यावरच त्याची सारी किंमत उभी असते. डबी उघडली तरी भाव उतरतो. अभंग वापरल्याने राहतो. संग्रहवस्तू न वापरल्याने राहते. म्हणून एकीची साक्ष वापरणारे देतात, आणि दुसरीची साक्ष विकणाऱ्यालाच द्यावी लागते.

हे उत्तर आम्ही त्याला पुढच्या आठवड्यात दिले. ते त्याला कितपत पटले हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

विकणाऱ्याने दिलेली साक्ष कोठवर जाऊ शकते याचे टोक अमेरिकेत गाठले गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने खेळाडूंच्या बनावट सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. १९४८ साली वारलेल्या बेब रूथच्या सह्या त्या मालात असणे ओघानेच आले. पण त्यात बेसबॉलच्या चेंडूवर मदर तेरेसांची सहीदेखील सापडली. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी बेसबॉल हातात धरून सही केली असेल, हे कोणाला तरी विकत घेण्याइतके शक्य वाटत होते, किंवा तसे मानून चालणे सोयीचे वाटत होते. आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

मोठ्या लिलावगृहांत आता याहून काटेकोर रीत आहे. सामन्याच्या छायाचित्रांतील कापडाची वीण, शिवण, क्रमांकाचा ठसा, चिन्हाची किंचित वाकडी बसलेली कड ही समोरच्या वस्त्राशी ताडून पाहतात. आपल्याकडे पोथ्यांची पाने ताडतात तशीच. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेला सदरा मे २०२२ मध्ये सुमारे ७१ लाख पौंडांना गेला, तो अशी ताडणी करूनच. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने तो अदलाबदलीत घेतला होता. मॅराडोनाच्या कुटुंबीयांचे म्हणणे असे, की हा पहिल्या अर्धातला सदरा, गोल झाले ते दुसऱ्या अर्धात. लिलावगृहाने छायाचित्रे दाखवून ते खोडून काढले. सारा वाद सदरा कोणत्या अर्धातला, एवढ्यावरच. ज्या दोन गोलांमुळे त्या सदऱ्याला मोल आले, त्यांपैकी एक हाताने केलेला, म्हणजे नियमाने खोटा होता, याने किमतीत घट झाली नाही. झाली असेल तर भरच पडली असावी. गोल खोटा असला तरी चालेल, सदरा खरा हवा. विकत घेणाऱ्याला घटनेचे पावित्र्य नको असते; घटना घडली त्या घटकेशी स्पर्श हवा असतो. तो स्पर्श सिद्ध करता आला, की घटना कशी का असेना.

मुंबईत २०२५ मध्ये याची उलट बाजू दिसली. वानखेडे स्टेडियममधील क्रिकेट नियामक मंडळाच्या भांडारातून आयपीएलच्या २६१ जर्सी, सुमारे साडेसहा लाख रुपयांच्या, नाहीशा झाल्या. तेथील सुरक्षा व्यवस्थापकावरच चोरीचा आरोप आला, आणि त्या हरयाणातील एका ऑनलाइन विक्रेत्याला विकल्याचे पोलिसांकडून सांगण्यात आले. येथे वस्त्र अस्सल, चिन्ह अस्सल. खोटी होती ती फक्त ते बाजारात आले ती वाट. पदपथावर फर्स्ट कॉपी घेणारा मनुष्य कदाचित त्याच आठवड्यात त्याहून स्वच्छ व्यवहार करीत असेल. प्रमाणपत्र वस्तूचे असते, वाटेचे नसते. इतिहासाच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको; कागद कोणत्या दप्तरातून, कोणाच्या हातून आला, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो. फीचे काम मार्गी लागले. चेंडू त्याने विकायला ठेवलाच, पण खाली स्पष्ट लिहिले : सही खरी असल्याची खात्री नाही. त्याच संध्याकाळी ११०० रुपयांचे मागणे आले. मागणाऱ्याने सहीबद्दल एक अक्षर विचारले नाही. त्याने विचारले ते एवढेच : “डबी आणि सर्टिफिकेट सोबत मिळेल ना?” हा अबोल करार. घेणाऱ्याला भिंतीवरच्या फळीवर ठेवायला चेंडू हवा होता, आणि पाहुण्यांनी विचारलेच तर दाखवायला कागद. त्या फळीसमोर उभे राहून पाहुणा जे क्षणभर मानेल, त्याची ती किंमत. ती त्याने मोजली आणि त्याच्या दृष्टीने तो फसला नाही. त्याच्यावर हसण्याचे आमच्या मनात नाही. दिवाणखान्यात न वाचलेल्या ग्रंथांच्या माळा लावणारे आमच्या पेशात थोडे नाहीत.

ज्या वस्तूच्या खरेपणाबद्दल कोणालाही शंका नाही, तिची गत या बाजारात काय होते, हेही पाहायला हवे. आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढे १९९६ साली लिअँडर पेसला पदक मिळेपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, त्याला जोडीदार नव्हता. या पदकाला होलोग्राम नको होता. नोंदी होत्या, छायाचित्रे होती, स्वागताला बैलगाड्या जुंपून निघालेल्या गावकऱ्यांची आठवण होती. खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही नवे शतक उंबरठ्यावर आल्यावर.

२०१७ च्या जुलैत त्यांच्या चिरंजीवांनी जाहीर केले, की ते पदक लिलावात काढायचे आहे. गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्तीचे केंद्र उभारण्याचे आश्वासन २००९ पासून शासनदरबारी पडून होते. ते होत नसेल तर पदक विकून येईल त्या पैशात ते उभे करू, असे त्यांचे म्हणणे. वृत्तपत्रांत बातमी आली, हळहळ झाली, आश्वासनांना पुन्हा उजाळा मिळाला. त्या आठवड्यात आमच्या लोकलच्या डब्यातही हाच विषय होता, आणि एका सहप्रवाशाने विचारलेला प्रश्न असा : “कितीला जाईल?” दुसरा म्हणाला, “ब्राँझच आहे ना.” धातूचा भाव काढणारा हा दुसरा गृहस्थ आम्हाला तेव्हा खुळा वाटला. आज वाटते, की तो निदान सरळ होता. खात्रीच्या वस्तूला बाजार विचारतो ते इतकेच. गूढ राहिलेले नसते, शोध लागल्याचा आनंद नसतो, ‘५०० पैकी ३७’ नसते. पदक विक्रीला काढले ते विकण्यासाठी नव्हतेच. विक्रीला ठेवलेल्या वस्तूकडेच आज लोक वळून पाहतात, हे त्या मुलाने ओळखले होते.

खाशाबांच्या कथेतील ज्या गोष्टीपाशी आम्ही पुन्हा पुन्हा येतो ती मात्र पदक नव्हे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, तीही पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. एका महाविद्यालयीन शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी दिलेली ही साक्ष! ती दिली तेव्हा पदक नव्हते, बातमी नव्हती; चार वर्षांपूर्वी लंडनला सहावा आलेला एक मुलगा होता. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. त्या गहाणखताचा कागद आज कोठे असेल तर त्याला लिलावगृहात काय बोली लागेल, असा विचार मनात आला खरा. तो लगेच ओशाळवाणा वाटला आणि तरी गेला नाही. आमच्याकडे कागदच मागितला गेला होता, घर नव्हे.

संग्रहालयात ठेवले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. हॉकीची तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या संघांतले बलबीरसिंग यांनी १९८५ साली आपला १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील कोट आणि छत्तीस पदके शासकीय क्रीडा प्राधिकरणाला, नियोजित संग्रहालयासाठी, विनामूल्य दिली. २०१२ साली त्यांची विचारणा झाली तेव्हा ती सापडेनात. फुकट मिळालेले हरवले. ४,२०० रुपयांचे डबीत आहे.

आणि ज्यांची वस्तूच मागे उरली नाही? पळवणकर बाळू १९११ साली इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले. चर्मकार समाजातील या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र कधीच मिळाले नाही. ते त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले. बाळूंचा एखादा चेंडू उद्या डबीत घालून पडद्यावर विक्रीला आला, तर आम्ही आधी रेघेची जाडी पाहू. पण विठ्ठलने १९४८ साली आपले आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले, ‘माझे क्रीडा-जीवन’. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यांना या मराठी पुस्तकाचा आधार घ्यावा लागला. मराठीच्या वर्गांतून मात्र दलित आत्मकथनांची परंपरा सांगताना त्याचे नाव सहसा निघत नाही. पळवणकर बंधूंची सही असलेल्या बॅटीला गिऱ्हाईक शंभर मिळतील. या पुस्तकाची आमच्याकडे झेरॉक्स आहे, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. काही पानांच्या कडेचे शब्द उडाले आहेत, ते आम्ही पेन्सिलीने अंदाजाने भरले आहेत आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. यंदा ती वर्गात फिरवली तेव्हा दोन प्रश्नचिन्हे कोणीतरी खोडून तेथे निराळे शब्द लिहिलेले आढळले. त्यांतला एक आमच्यापेक्षा चांगला आहे.